अगस्ती बोटीची आया

बोट उरणच्या मोरा बंदरासमोर नांगर टाकून उभी राहिली, तेव्हा आवडाबाई तिच्यावरच होती. कठड्याला रेलून ती आपलं गाव बघत होती. फाल्गुनाचे दिवस होते. मिठागरांत मिठाच्या राशी लागल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडं, माडांच्या आड, तिच्याच पगारातून बांधलेलं कौलारू घर होतं. इतक्या वर्षांत ही बोट तिला एडनला घेऊन गेली, मोंबासाला घेऊन गेली, पार विलायतेपर्यंत घेऊन गेली. पण उरणच्या किनाऱ्यासमोर कधी थांबली नव्हती. आता थांबली, ती मोडीत जायच्या आधी तिला ठेवायला मुंबईच्या गोदीत कुणी जागा देईना म्हणून.

"आया, उतरा आता," खलाशांचा सारंग म्हणाला. "हिचं झालं. तुमचंबी झालं."

एक पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन ती होडीत उतरली. धक्क्यावर तिला घ्यायला कुणी आलं नव्हतं. येणार कसं? ती कायमची येतेय हे तिनं कुणाला कळवलंच नव्हतं. कळवायची लाज वाटली होती.

बोटीचं मूळ नाव लेडी ऑगस्टा. खलाशांच्या तोंडी ते बसेना, म्हणून त्यांनी तिची अगस्ती केली, आणि मग साहेब सोडून सगळेच तिला अगस्ती म्हणू लागले. पहिली कित्येक वर्षं ती सहलीची बोट होती. एरवी विलायतेच्या खेपा असत, पण थंडीच्या दिवसांत साहेबलोक, मडमा आणि त्यांची पोरं तिच्यावर नुसती हिंडायला बसत. एका बंदरातून निघायचं, चार गावं बघायची आणि फिरून त्याच बंदरात यायचं. आवडाबाईनं पहिल्यांदा हे गावात येऊन सांगितलं, तेव्हा तिची थोरली बहीण मनुबाई तोंडाकडं बघतच राहिली होती.

"म्हंजे कुठं जायाचंच नसतं त्यांना?"

"न्हाय."

"मंग बसतात कशाला?"

आवडाबाईला मात्र ते नुसतं हिंडणं आवडायचं, एवढं खरं.

नवरा तापानं गेला तेव्हा तिची कमळ रांगत होती. मनुबाईलाही नवरा नव्हता आणि मूलही नव्हतं. दोघी बहिणी मिठागरात राबून कशीबशी चूल पेटवत होत्या. तेव्हा गावचा धर्माजी गोदीत हमाली करायचा. त्यानं खबर आणली की एका मडमेला विलायतेपर्यंत पोरं सांभाळायला बाई हवी आहे. "एक सफर करून येते," असं सांगून आवडाबाई गेली. कमळ मनुबाईच्या कडेवर होती आणि झोपेत होती.

अगस्तीवरच्या त्या सफरीत तिची माया आणि तिचा हात बघून, बोटीवरच्या नोकरमंडळींवर नजर ठेवणाऱ्या मोठ्या बाईनं तिला तिथंच ठेवून घेतलं. बोटीवर पोरांसाठी एक वेगळी खोली होती. भिंतींवर ससे, बदकं आणि छत्री घेतलेलं अस्वल रंगवलेलं होतं. त्या खोलीची आवडाबाई मालकीण झाली. एका सफरीच्या दोन झाल्या, दोनाच्या दहा. मधे चार-आठ दिवस सुट्टी मिळाली की ती घरी यायची. येताना बिस्किटांचे डबे, रिबिनी, एकदा डोळे मिटणारी बाहुली आणायची. कमळ वस्तू घ्यायची आणि मनुबाईच्या पदराआड जायची.

लढाई लागली तेव्हा सरकारनं बोट घेतली. तिला राखी रंग फासला, गालिचे काढले आणि पलटणी भरल्या. त्या वर्षी आवडाबाई पुऱ्या पावसाळाभर घरी होती. कमळ तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. रात्री मनुबाईजवळ निजायची. आवडाबाईनं तिला मडमांच्या पोरींसारखा झालरीचा झगा शिवला. तो तिनं एकदाही अंगात घातला नाही. पावसाळा सरला आणि धर्माजी पुन्हा सांगत आला की मुंबईत कुलाब्याला एका साहेबाच्या घरी आया पाहिजे. नको जाऊस असं कुणीच म्हटलं नाही. मनुबाईनं भाकऱ्या बांधून दिल्या. खरं सांगायचं तर आवडाबाईलाच जायचं होतं. परक्याचं मूल तिच्याकडं हात पसरून यायचं, आणि घरी स्वतःचं मूल तिला बघून दाराआड व्हायचं. ती आपली जिकडं हात पसरलेले दिसले तिकडं गेली.

लढाई संपल्यावर अगस्ती परत आली आणि आवडाबाईही तिच्यावर परतली. पण ते जुने दिवस काही आले नाहीत. स्वातंत्र्य मिळालं, साहेबलोक बाडबिस्तारा घेऊन निघाले. जाणाऱ्या मडमा रडत होत्या, पोरं आवडाबाईच्या गळ्याला मिठी मारत होती, आणि बोट त्यांना पोचवून रिकामी येत होती. मग फाळणीतल्या माणसांना आणायला तिला कराचीला धाडलं.

त्याच माघात कमळचं लग्न ठरलं होतं. मुलगा पेणकडचा होता, बुधाजी नावाचा. आवडाबाईनं हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं, रजा मिळवली होती. कराचीची खेप करून बोट वेळेत मुंबईला यायची होती. पण कराचीच्या धक्क्यावर माणसं मावेनात. बोट अडकून राहिली. जिथं साहेबांची पोरं खेळायची त्या खोलीत बायका पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. एक बाई तिथंच बाळंत झाली आणि आवडाबाईनं ते मूल हातावर घेतलं. ती गावात पोचली तेव्हा मांडव काढून झाला होता. सासरी गेलेल्या मुलीचं तोंडही तिला दिसलं नाही. "काय करनार होतीस तू तरी," मनुबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आवडाबाईला जास्त लागलं.

पुढं बोट मुंबईच्या एका शेठनं घेतली आणि नाव बदलून जलकन्या ठेवलं. जुनी अक्षरं लोखंडाची, उठावाची होती. रंगाखालूनही ती दिसायची. आफ्रिकेच्या खेपा झाल्या. मग बॉयलर कुरकुरू लागले, तशा लांबच्या सफरी बंद झाल्या. शेवटी शेवटी मुंबईची हौशी मंडळी सकाळी बसायची, समुद्रात फेरी मारून संध्याकाळी उतरायची. भजी खायची, पत्ते खेळायची. पोरांच्या खोलीत खुर्च्यांचा ढीग रचला होता. सांगणारं कुणी नव्हतं तरी आवडाबाई रोज भिंतीवरचे ससे ओल्या फडक्यानं पुसायची. आणि एक दिवस बोटीच्या तळातून पाणी आत शिरू लागलं, आणि ती मोऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

घरी आता मनुबाईसोबत कमळ आणि बुधाजी राहत होते. लग्नानंतर बुधाजीला इथल्या मिठागरात काम मिळालं, म्हणून ती दोघं इकडंच आली होती. मोठा गोड माणूस, कमी बोलणारा. त्यांना गोदू नावाची चार वर्षांची मुलगी होती. आवडाबाई ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा कमळनं ती ट्रंक आत घेतली, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "बसा तुम्ही."

त्या गावात आईला कुणी तुम्ही म्हणत नसे. मनुबाईनं मान खाली घातली.

पुढचे दोन महिने असेच गेले. कमळ कधी तोडून बोलली नाही. ताटात पहिली भाकरी आवडाबाईलाच वाढायची, जशी पाहुण्याला वाढतात तशी. गोदू मात्र आजीला चिकटली. बोटीवरच्या गोष्टी ऐकायला ती तासन् तास ओटीवर बसायची. कमळ आतून हाक मारायची, "गोदू, इकडं ये," आणि पोर नाइलाजानं उठायची.

वैशाखात गोदूला गोवर निघाला. अंग तव्यासारखं तापलं, डोळे उघडेनात. मनुबाई आणि कमळ घाबरून गेल्या. आवडाबाईनं खोली अंधारी केली, ओल्या फडक्यानं पोरीचं अंग पुसत राहिली, चमच्यानं पेज पाजत राहिली. अशी कितीतरी पोरं तिनं हलत्या बोटीवर सांभाळली होती. ताप उतरला, गोदू उठून बसली आणि तिनं खायला मागितलं, तेव्हा कमळ दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग म्हणाली,

"त्या बोटीवर मानसं लावनार हायेत म्हने. पावसात मिठागर बंद. ह्यांना भेटंल का काम? तुमची वळख हाय न तिथं?"

आवडाबाईला आधी नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मुलीनं तिच्याकडं काहीतरी मागितलं होतं.

"भेटंल," ती म्हणाली. "का न भेटंल? मी जाते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या लाँचनं ती मुंबईला गेली. बोटीच्या मालकाच्या कचेरीत बाकड्यावर दिवसभर बसली. तीनदा तिला उठवलं, तीनदा ती परत येऊन बसली. शेवटी कारभाऱ्यानं आत बोलावलं. ती हात जोडून एवढंच म्हणाली, "माजा जावई हाय, साहेब. मेहनती हाय. मी या बोटीवर म्हातारी झाले, माजं एवढं ऐका." कारभाऱ्यानं मान हलवली. बोट पावसाळ्याआधी करंजाच्या खाडीत ओढून आणायची होती, तिच्यावर राखण करायला, पाणी उपसायला, गंज खरवडायला माणसं हवीच होती.

संध्याकाळी तिनं ही बातमी सांगितली तेव्हा कमळ हसली. आवडाबाईनं तिला हसताना पहिल्यांदाच बघितलं असेल. समोरचा एक दात किंचित वाकडा होता, थेट तिच्या बापासारखा.

बुधाजी कामाला लागायच्या आदल्या दिवशी आवडाबाईनं त्याला सगळी बोट तोंडी फिरवून दाखवली. जेवणाचा मोठा दिवाणखाना कुठं, पितळी कठड्यांचा जिना कुठं, पोरांची खोली कुठं.

"आनि खाली?" बुधाजीनं विचारलं.

"खाली इंजिन, पान्याच्या टाक्या. तिकडं मी कवा गेले न्हाय. काय काम तिकडं?"

तो पावसाळा त्या घराला बरा गेला. बुधाजी सकाळी होडीनं जायचा, दिवे लागायच्या आत यायचा. कमळ आता आवडाबाईला कामं सांगू लागली, आणि त्याहून मोठं सुख आवडाबाईला ठाऊक नव्हतं. तांदूळ निवडा, गोदूची वेणी घाला, सुकट उन्हात टाका. एकदा बोलता बोलता कमळच्या तोंडून "तू" निघून गेलं. लगेच तिनं जीभ चावली, पण निघून गेलं होतं. ते आवडाबाईनं मनुबाईला परसात गाठून सांगितलं. "येईल," मनुबाई म्हणाली, "हलूहलू येईल."

गौरी-गणपती होऊन गेले होते. पाऊस रिपरिपत होता. दुपारची वेळ होती. आवडाबाई ओटीवर गोदूला भात भरवत होती. बुधाजीबरोबर कामाला असणारा कोंडाजी चिखलातून पळत आला. तो दारात थांबला. नुसता खाडीकडं हात करत राहिला.

त्या सकाळी मुंबईहून मुकादम आला होता. बोट भंगारात विकायची होती, घेणाऱ्याला ती आतून बाहेरून दाखवायची होती, म्हणून तळाच्या टाक्या उघडायचा हुकूम होता. कैक वर्षं बंद असलेल्या टाकीचं झाकण काढलं. बुधाजी कंदील घेऊन आत उतरला. दोन पायऱ्या उतरला न उतरला तोच कंदील विझला. "बुधा," कोंडाजीनं हाक मारली. ओ आली नाही. खाली काहीतरी पडल्याचा आवाज झाला तेवढाच. कोंडाजी आत डोकं घालून बघायला गेला तर त्यालाच भोवळ आली, मुकादमानं पाय धरून ओढून काढला. मग दोर, आकडा, आरडाओरडा. बुधाजीला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं. अशा कोंडलेल्या जागेत गंज सगळी हवा खाऊन टाकतो, असं मागाहून उरणच्या डॉक्टरनं सांगितलं. आधी ते कुणीच सांगितलं नव्हतं.

कमळ तशीच जाऊन होडीत बसली. आवडाबाई तिच्यामागून चढली, तिला कुणी नको म्हटलं नाही. बोटीच्या बाजूला लाकडी शिडी सोडलेली होती. वर डेकवर पाऊस पडत होता, म्हणून माणसांनी बुधाजीला जी जवळची झाकलेली जागा सापडली तिथं नेऊन ठेवलं होतं. ती पोरांची खोली होती. खुर्च्यांचा ढीग एका बाजूला लोटला होता आणि मधे, ताडपत्रीवर, बुधाजी निजला होता. तोंडावर कसलीच जखम नव्हती. ओठ तेवढे निळे पडले होते.

कमळ त्याच्याजवळ बसली. त्याच्या केसांतला गंज ती बोटांनी काढत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली आणि भिंतींकडं बघितलं. रंग उडालेले ससे, बदकं, छत्री घेतलेलं अस्वल. ती एकेक चित्र बघत गेली.

"हीच ती खोली?" तिनं विचारलं.

"व्हय," आवडाबाई म्हणाली.

कमळनं पुन्हा नवऱ्याच्या केसांत बोटं घातली. आवडाबाई दाराशी उभी होती. आत पाऊल टाकायचं तिला धाडस होईना. याच खोलीत ती दारं सताड उघडून, पोरांना दोन्ही हातांनी बोलवत उभी राहायची.

बाराव्यापर्यंत घरात माणसं होती. बुधाजीची आई सोनूबाई पेणकडून आली होती. म्हातारी दिवसभर भिंतीला पाठ लावून बसायची, आणि कुणी आलं की एवढंच म्हणायची, "मिठात काम करनारा मानूस, त्याला बोटीत कोनी घातला?" तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आवडाबाई चुलीपुढून उठून मागच्या दारानं बाहेर जायची.

बाराव्याच्या संध्याकाळी माणसं पांगली. आवडाबाई कमळच्या जवळ गेली. काय बोलायचं ते तिनं दहा दिवस मनात जुळवलं होतं. आता त्यातलं काहीच आठवेना.

"कमळ," ती म्हणाली, "तू मिठागरात जा, न्हायतर नको जाऊस. गोदूला मी बघते. मी हाय."

कमळनं तिच्याकडं बघितलं. डोळे कोरडे होते.

"जल्मात एकदाच मी तुमच्याकडं काय ते मागितलं," ती म्हणाली. "एकदाच. आनि ते मागितलं मीच, म्हनून तुमाला बोल लावायलाबी मला तोंड न्हाय."

आवडाबाई खाली बसली. तिला वाटलं कमळनं आरडाओरडा करावा, झिंज्या धराव्यात, घरातून घालवावं. कमळ उठली आणि गोदूचे कपडे गोळा करू लागली.

दुसऱ्या दिवशी सोनूबाई सुनेला आणि नातीला घेऊन पेणला निघाली. आणि निघताना मनुबाईनंही आपलं गाठोडं बांधलं. आवडाबाई दारात आडवी आली.

"तू गं कुठं?"

"तिला एकटी कशी धाडू?" मनुबाई म्हणाली. "माजी पोर हाय ती, आवडे." बोलून गेल्यावर ती थबकली, पण शब्द मागं घेतला नाही. मग बहिणीचा हात हातात घेऊन म्हणाली, "तूबी चल, असं म्हनले असते. पन आता नको. तिला तू समोर नको. घर हाय न तुला. तुझंच हाय ते, तूच बांधलंस."

गोदू सोनूबाईच्या कडेवर होती. वळणापर्यंत ती मागं बघत होती.

दिवाळीनंतर बोटीला दोन लाँचा लावून मुंबईकडं ओढत नेलं. गावची पोरंसोरं बांधावर जमली होती. आवडाबाई घरातच होती. शेजारची नीराबाई सांगत आली, "गेली गं तुझी बोट," तेव्हा ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

मीठ पिकायला लागलं तशी ती मिठागरात टोपल्या वाहायला जाऊ लागली. तिला गरज होती अशातला भाग नाही. पण दिवस काढायचा होता. तिच्या वयाला ते काम झेपत नव्हतं. बायका तिच्या टोपलीत कमी मीठ भरायच्या, तिला ते कळायचं, आणि ती टोपली डोक्यावर घेऊन चालू लागायची.

पेणला ती एकदाच गेली. चार-पाच वर्षं उलटली होती. मनुबाई अंथरुणाला खिळलीय असं कानावर आलं, म्हणून. एस.टी.तून उतरून विचारत विचारत घर गाठलं. कमळनं दार उघडलं. केसांत पांढरे दिसत होते. तिनं पाणी दिलं, चटई टाकली, आतल्या खोलीत मनुबाईजवळ नेऊन बसवलं आणि स्वतः बाहेर कामाला लागली. मनुबाईची वाचा गेली होती. ती नुसती बहिणीचा हात दाबत होती. थोड्या वेळानं शाळेतून एक उंच, सावळी मुलगी आली. दारात थांबून तिनं आवडाबाईकडं बघितलं.

"आय," तिनं बाहेर जाऊन विचारलं, "त्या कोन आल्यात?"

"आजीची भैन," कमळ म्हणाली.

आवडाबाईनं ते ऐकलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिनं आणलेला खाऊ उशाशी ठेवला, मनुबाईच्या कपाळावरून हात फिरवला आणि उठली. अंगणात कमळ भात पाखडत होती.

"येते मी," आवडाबाई म्हणाली.

"जेवून गेला असता," कमळ म्हणाली. सूप थांबलं नाही.

"गाडी चुकंल."

गाडी संध्याकाळची होती, दोघींनाही ठाऊक होतं. आवडाबाई रस्त्याला लागली. स्टँडवर येऊन ती बाकड्यावर बसली. तिथं ऊन होतं. सावलीच्या बाजूला एक तरुण बाई रडणाऱ्या मुलाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. मूल काही केल्या राहत नव्हतं. एरवी आवडाबाई उठली असती. ती बसून राहिली, हात मांडीवर ठेवून, गाडी येईपर्यंत.